पुस्तक मिटलं की चित्र गायब! फोर-एज पेंटिंगची करामत, आणि त्यातली मेख

हा व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेला असेल. कातडी बांधणीचं एक जुनं इंग्रजी पुस्तक. पानांची कडा सोनेरी. कुणीतरी दोन्ही हातांनी ते धरतं, पानं जराशी तिरकी सरकवतं, आणि सोन्याच्या जागी नदी, पूल, झाडं, घोडागाडी असं अख्खं चित्र उमटतं. पानं सोडली की पुन्हा नुसतं सोनं. खाली कॅप्शन असते, 'दोनशे वर्षांपूर्वीचं गुप्त चित्र!' आपण 'कमाल आहे' म्हणतो, शेअर करतो आणि पुढे सरकतो.

चित्र खरं असतं. त्यात एडिटिंग नाही, जादूची शाई नाही. गडबड असते ती कॅप्शनमध्ये. 'दोनशे वर्षांपूर्वीचं' हे पुस्तकाबद्दल खरं असतं. चित्राबद्दल खरं असेलच असं नाही. बऱ्याचदा पुस्तक पणजोबांच्या वयाचं असतं आणि चित्र नातवाच्या. हा फरक कसा पडला आणि तो ओळखायचा कसा, ते समजून घ्यायचं तर आधी ही करामत होते कशी ते पाहायला हवं.

इंटरनेटवर या पुस्तकांची हवा झाली ती २०१३ साली. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाने टम्बलरवर काही जिफ टाकल्या. रॉबर्ट म्युडी या लेखकाची ऋतूंवरची पुस्तकं, १८३७ साली छापलेली, आणि कडेत त्या त्या ऋतूचं चित्र. पोस्ट जगभर फिरली. तेव्हापासून दर वर्षी-दोन वर्षांनी कुणीतरी हा विषय नव्याने शोधून काढतं.

कडा म्हणजे नेमकी कुठली?

पुस्तकाला चार बाजू असतात. एक कणा, जिथे पानं शिवलेली असतात. बाकी तीन मोकळ्या: डोक्याकडची, पायाकडची आणि कण्याच्या बरोबर समोरची, जिथे बोट घालून आपण पुस्तक उघडतो. ही समोरची बाजू म्हणजे फोर-एज. आपण तिला पुढची कडा म्हणू.

आपल्या पोथ्यांना अशी कडा नसतेच म्हणा ना. पानं सुटी आणि आडवी, वर-खाली लाकडी पट्ट्या, आणि सगळं कापडाच्या रुमालात बांधलेलं. पानं एका बाजूला पक्की शिवलेली असल्याशिवाय ही युक्ती जमत नाही. त्यामुळे ही कला शिवलेल्या पुस्तकाची, आणि मुख्यतः इंग्लंडची.

पण तिचं तत्त्व तुम्ही शाळेत स्वतः करून पाहिलेलं आहे. जाड वहीच्या किंवा अपेक्षित प्रश्नसंचाच्या कडेवर पेनाने आपलं नाव लिहायचो, आठवतं? मग कंटाळवाण्या तासाला तेच पुस्तक वाकवलं की अक्षरं ताणली जायची, फिकट व्हायची, मध्ये पांढऱ्या रेघा दिसायच्या. कारण शाई लागलेली असते ती फक्त कागदाच्या जाडीला. पानं सरकली की प्रत्येक पानाची थोडी थोडी कोरी बाजू बाहेर येते आणि शाई त्यात विरळ होते.

आता हेच उलटं करा. आधी पानं सरकवा, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. प्रत्येक पानाची एक बारीक पट्टी उघडी पडेल. त्या पट्ट्यांवर चित्र काढा आणि मग पुस्तक सरळ करा. प्रत्येक पट्टी शेजारच्या पानाखाली जाऊन झाकली जाईल. चित्र कुठेही पुसलेलं नाही. ते शेकडो धाग्यांमध्ये वाटलं जाऊन पानापानांत जाऊन बसलंय, एवढंच.

किती बारीक पट्ट्या? ४०० पृष्ठांचं पुस्तक घ्या, म्हणजे २०० कागद. ते सरकवून कडा ५ सेंटिमीटर रुंद झाली असं धरलं, तर एका कागदाच्या वाट्याला येतो पाव मिलिमीटर. घोड्याचं डोकं आठ-दहा कागदांवर, माणसाचा चेहरा त्याहून कमी कागदांवर. एक कागद जरी जागचा हलला तरी नाक गालावर जातं. म्हणून चित्रकार पानं सरकवलेल्या अवस्थेत पुस्तक शिकंज्यात आवळून ठेवतो आणि काम संपेपर्यंत सोडत नाही.

रंग पाण्याचेच, पण पाणी जवळजवळ नाहीच. ब्रश कोरडाठाक म्हणावा इतपत. ओला ब्रश टेकला की रंग दोन पानांच्या फटीतून आत ओढला जातो, कागद फुगतो आणि पुस्तकाची वाट लागते. मी हा उद्योग एका जुन्या गाइडवर करून पाहिलाय. दोन्ही बाजूंना क्लिपा लावल्या आणि शाळेतल्या वॉटर कलरने डोंगर आणि सूर्य काढला. सूर्य सहा पानं आत गेला. दुसऱ्या वेळी रंगीत पेन्सिल वापरली, तेव्हा कुठे चित्र म्हणण्यासारखं काहीतरी उमटलं. तुम्हीही करून बघा, पण रद्दीतल्या पुस्तकावर.

मग सोनं कशाला?

एवढं करूनही मिटलेल्या कडेवर रंगाची पुसट छटा राहते, कारण प्रत्येक कागदाच्या टोकाला थोडा रंग लागलेलाच असतो. ती झाकतो सोन्याचा वर्ख.

तसा वर्ख काही चित्र लपवायला शोधलेला नव्हता. चांगल्या बांधणीच्या पुस्तकाची कडा सोनेरी करण्याची पद्धत जुनीच, आणि तिचा उपयोग व्यवहारी होता: धूळ आणि ओल पानांच्या फटीत शिरू नये. कडा घासून गुळगुळीत करायची, त्यावर तांबूस मातीचा हात द्यायचा, अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचं पाणी लावायचं, वर्ख ठेवायचा आणि वाळला की अकीकाच्या दगडाने घोटायचा. मिठाईवरच्या वर्खासारखाच नाजूक पापुद्रा, पण घोटला की आरशासारखा चमकतो. काही ठिकाणी त्या सोन्यावरही तापवलेल्या हत्यारांनी नक्षी उठवत. काही पुस्तकांच्या कडा अबरीच्या कागदासारख्या रंगांच्या लाटांनी सजवत.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सोनं असतं कागदाच्या जाडीवर आणि चित्र असतं कागदाच्या पाठीपोटावर. दोन्ही वेगळ्या जागा. म्हणजे पुस्तकाची कडा आधीच सोनेरी असेल, तरी पानं सरकवून त्यावर नंतर कधीही चित्र काढता येतं. शंभर वर्षांनीसुद्धा.

आता एकदा युक्ती हाती लागल्यावर माणूस थोडाच थांबतो! पानं उजवीकडे सरकवली की कागदाची एक बाजू उघडी पडते आणि डावीकडे सरकवली की दुसरी. म्हणून एकाच कडेत दोन चित्रं बसतात, एकीकडून गाव आणि दुसरीकडून किल्ला. याला म्हणतात दुहेरी. सोन्याच्या जागी मिटलेल्या कडेवरही तिसरं चित्र काढलं की तिहेरी. काही पुस्तकं मधोमध उघडून दोन्ही भाग बाजूंना पडू दिले की डावीकडे एक आणि उजवीकडे एक चित्र दिसतं. तिन्ही मोकळ्या कडांवर सलग देखावा फिरवलेलीही पुस्तकं आहेत.

राजाची मैत्रीण आणि उधार नेलेली पुस्तकं

कडेवर चित्र काढणं लपाछपीच्या आधीपासून होतं. युरोपात पूर्वी पुस्तकं कपाटात आजच्या उलट ठेवत, कणा आत आणि कडा बाहेर. त्यामुळे नाव लिहायचं ते कडेवरच. उत्तर इटलीतल्या बेल्लुनो इथल्या पिल्लोने कुटुंबाने १६व्या शतकाच्या शेवटी आपल्या ग्रंथसंग्रहाच्या कडा चेझारे वेचेल्लिओ या चित्रकाराकडून रंगवून घेतल्या. हा प्रसिद्ध चित्रकार तिशियनच्या नात्यातला. दीडशेच्या आसपास पुस्तकं, कुणावर लेखक लिहीत बसलेला, कुणावर संत. ही चित्रं उघड होती, कपाटासमोर उभं राहिलं की दिसणारी.

लपणारी चित्रं सुरू झाली १७व्या शतकाच्या मध्यात, इंग्लंडमध्ये. याबद्दल एक झकास गोष्ट सांगितली जाते. राजा दुसरा चार्ल्स याची एक मैत्रीण होती. ती राजवाड्यातली पुस्तकं वाचायला न्यायची आणि परत करायची नाही. वर 'हे तर माझंच' म्हणायची. (अशी मैत्रीण प्रत्येकाला असते.) राजाने आपल्या बाइंडरला सांगून पुस्तकाच्या कडेत राजचिन्ह गुपचूप रंगवून घेतलं. पुढच्या वेळी तिच्याकडे गेल्यावर त्याने पुस्तक हातात घेतलं, पानं तिरकी केली आणि चोरी पकडली.

गोष्ट छान आहे, पण तारखा तिला साथ देत नाहीत. माहीत असलेलं सर्वात जुनं लपणारं चित्र १६४९ सालचं मानलं जातं. त्या वर्षी या चार्ल्सच्या वडिलांचा शिरच्छेद झाला होता आणि तो स्वतः देशाबाहेर होता. इंग्लंडच्या गादीवर तो प्रत्यक्ष बसला १६६० मध्ये. त्याच्या काळात ही कला बहरली, हे खरं. सॅम्युअल मर्न या राजाच्या बाइंडरच्या नावाशी अशी पुस्तकं जोडली जातात, आणि काहींवर 'फ्लेचर' अशी सहीही सापडते. पण कल्पना त्याच्या आधीची. सुरुवातीची ही चित्रं म्हणजे फुलांच्या वेली आणि घराण्यांची चिन्हं. मालकी दाखवण्यापुरतीच.

तिथून नदी-पूल-राजवाड्यापर्यंत ही कला आणली ती मुख्यतः एका कुटुंबाने. यॉर्कशरमधलं हॅलिफॅक्स हे लोकरीच्या कापडाचं गाव. तिथे विल्यम एडवर्ड्स हा पुस्तकविक्रेता आणि बाइंडर होता (१७२३ ते १८०८). त्याची मुलंही याच धंद्यात. त्यातला जेम्स १७८० च्या दशकात लंडनला गेला आणि पॉल मॉलसारख्या श्रीमंत वस्तीत त्याने दुकान थाटलं. एडवर्ड्सच्या दुकानात गिऱ्हाइकाला नुसतं पुस्तक मिळत नसे. कातड्यावर आम्लाने डाग देऊन ग्रीक रांजणांवरच्यासारखी नक्षी काढलेली बांधणी मिळे, आणि कडेत एखाद्या जुन्या मठाचं किंवा गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या गावाकडच्या वाड्याचं चित्र. विचार करा, तुमच्या आवडत्या कवितासंग्रहात तुमचंच घर लपलेलं आहे आणि हे फक्त तुम्हाला माहीत आहे. श्रीमंत माणसाला आणखी काय हवं!

याच जेम्सने १७८५ साली एका बांधणीचं पेटंट घेतलं, ते मला लपलेल्या चित्रांइतकंच भारी वाटतं. वेलम म्हणजे वासराच्या कातड्यापासून केलेला कागदासारखा पातळ थर. त्यावर क्षाराची प्रक्रिया करून तो पारदर्शक करायचा, त्याच्या आतल्या बाजूने चित्र काढायचं, मागे पांढरा कागद लावायचा आणि हे पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर चढवायचं. चित्र बाहेरून दिसतं, पण बोट लागतं ते कातड्याला. मोबाइलच्या काचेखाली स्क्रीन असते, अगदी तसं. राणी शार्लटच्या प्रार्थनापुस्तकाला एडवर्ड्सची अशी बांधणी होती. कडेतलं चित्र हाताळलं की झिजतं, हे कातड्याखालचं मात्र झिजत नाही. एकाच दुकानातल्या दोन वस्तू, आणि दोघींचा स्वभाव नेमका उलटा.

आता मेख

एडवर्ड्सकडची सगळी पुस्तकं धरली, त्याच्या काळातल्या इतर बाइंडरांची धरली, तरी आज जगात जेवढी फोर-एज पुस्तकं आहेत त्यांचा हिशेब लागत नाही. बाकीची आली कुठून?

उत्तर बाजारात आहे. १९व्या शतकाच्या शेवटी आणि विशेषतः २०व्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात या पुस्तकांना पुन्हा मागणी आली, मोठं गिऱ्हाईक अमेरिकेतलं. आणि लंडनच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत काय पडून होतं? कुणी वाचत नसलेले कवितासंग्रह, प्रवचनं आणि प्रार्थनापुस्तकं. मजकुराला किंमत शून्य, पण कागद उत्तम, बांधणी कातडी आणि कडा सोनेरी. म्हणजे कॅनव्हास तयारच. अशा पुस्तकावर चित्र काढून घेतलं की त्याची किंमत कितीतरी पटींनी वाढायची. मगाशी म्हटलं ना, सोनं आणि चित्र वेगवेगळ्या जागी असतं? सगळा खेळ तिथेच आहे. १८१० ची कडा, १८१० चं सोनं, आणि त्याखाली १९३० चा रंग.

चित्रकार सही करत नसत, तारीख तर नाहीच. विकणारा नुसतं म्हणायचा, '१८१० चं पुस्तक, कडेत सुंदर चित्र'. दोन्ही विधानं खरी. चित्रही १८१० चं आहे, हे तिसरं वाक्य गिऱ्हाईक मनातल्या मनात स्वतःच तयार करायचं. व्हिडिओ पाहताना आपण करतो तेच.

हे सगळं फसवणूक होतं का? माझ्या मते काढणाऱ्याची नाही, सांगणाऱ्याची. जॉन टी. बिअर नावाचे एक संग्राहक १९व्या शतकाच्या अखेरीस स्वतःच्याच पुस्तकांच्या कडांवर स्वतः चित्रं काढत बसायचे, हौस म्हणून. यात कुणाचं काय गेलं? २०व्या शतकात लंडनमध्ये मिस सी. बी. करी या चित्रकार होत्या. त्यांनी आपल्या फोर-एज चित्रांवर नाव आणि क्रमांक घातले. त्यामुळे आज त्यांची चित्रं 'करी यांचं काम' म्हणून मानाने विकली जातात. एडवर्ड्सच्या काळातलं असल्याचा आव आणायची त्यांना गरज पडत नाही.

करी यांचं नाव निघालंच आहे तर बांधणीच्या दुनियेतलं असंच आणखी एक नाव सांगतो. लंडनच्या सॉथरन या पुस्तकांच्या दुकानाचे व्यवस्थापक जे. एच. स्टोनहाउस यांनी २०व्या शतकाच्या सुरुवातीला एक टूम काढली: पुस्तकाच्या कातडी पुठ्ठ्यात हस्तिदंतावर काढलेलं चिमुकलं व्यक्तिचित्र बसवायचं आणि वर काच लावायची. चित्रं बहुतेक मिस करी यांची, बांधणी रिव्हिएर यांची. आणि नाव काय दिलं? 'कॉस्वे बाइंडिंग'. रिचर्ड कॉस्वे हा लघुचित्रं काढणारा चित्रकार १८२१ सालीच वारला होता. नाव त्याचं, काळ भलताच. जुनेपणाचा वास लावला की वस्तू विकली जाते, हे स्टोनहाउसना चांगलं ठाऊक होतं.

याच स्टोनहाउसनी सँगोर्स्की अँड सटक्लिफ या बाइंडरांकडून उमर खय्यामच्या रुबायांची ती प्रसिद्ध प्रत बांधून घेतली होती. तीन मोर, हजाराहून अधिक खडे, दोन वर्षांचं काम. इथे लपवाछपवी अजिबात नाही, सगळं झगमगाट. मार्च १९१२ मध्ये लिलावात ती ४०५ पौंडांना एका अमेरिकन विक्रेत्याने घेतली, एप्रिलमध्ये टायटॅनिकवर चढवली आणि ती आजही अटलांटिकच्या तळाशी आहे. काही आठवड्यांनी फ्रान्सिस सँगोर्स्कीही समुद्रात बुडून गेला. तिची दुसरी प्रत दुसऱ्या महायुद्धातल्या लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात गेली. तिसरी ब्रिटिश लायब्ररीत सुखरूप आहे.

चित्राचं वय कसं काढतात?

कार्ल वेबर हे अमेरिकेतल्या कोल्बी कॉलेजचे प्राध्यापक. त्यांनी १९४९ साली फोर-एज चित्रांवर पहिला मोठा अभ्यास छापला. त्यांचे नातू जेफ वेबर यांनी २०१० मध्ये चित्रकार आणि बाइंडरांचा कोशच तयार केला. आजोबांपासून नातवापर्यंत एका घरात चाललेलं हे काम बरंचसं गुप्तहेराचं आहे. कुणाचा हात कुठला, कुठली झाडं कोण काढतो, ढग कोण कसे सोडतो, हे शेकडो पुस्तकं शेजारी ठेवून जुळवायचं.

सामान्य माणसालाही जमतील अशा काही खुणा आहेत. सगळ्यात सोपी म्हणजे चित्रात काय आहे. पुस्तक १८१० चं आणि कडेत लंडनचा टॉवर ब्रिज असेल तर खेळ खलास, कारण तो पूल खुला झाला १८९४ मध्ये. कपडे आणि गाड्या असंच काही सांगून जातात. दुसरी खूण सोन्याची. चित्र आधी आणि सोनं नंतर असेल, तर सोनं रंगावर चढलेलं असणार. सोन्यावर रंगाचे कण सांडलेले दिसले, तर रंग नंतरचा. तिसरी खूण कागदपत्रांची: जुनी पावती, पहिल्या पानावर लिहिलेली भेट, ज्यात चित्राचा उल्लेख आहे. असा कागद मिळाला की दुधात साखर. बहुतेक वेळा मिळत नाही.

आणि चित्राची ताजेपणाची चमक? ती खूण म्हणून बिनकामाची. कडेतल्या चित्राला उजेडच लागत नाही, त्यामुळे खरोखर दोनशे वर्षांपूर्वीचे रंगही काल काढल्यासारखे दिसू शकतात. 'इतकं ताजं आहे म्हणजे नक्की नकली' असं व्हिडिओखाली छातीठोकपणे लिहिणारेही चुकतात, बरं का.

म्हणून आयोवाच्या त्या पुस्तकांबद्दल आपण खात्रीने म्हणू शकतो ते एवढंच की ती १८३७ ला छापली गेली. चित्रही तेव्हाचं असेल, पण हे पुस्तकावरच्या छापील सालावरून ठरत नाही.

बघायचं की जपायचं?

चित्र पाहायचं तर पुस्तक वाकवावं लागतं. वाकवलं की कण्याच्या शिवणीवर ताण येतो, पानं एकमेकांवर घासतात, रंगाचा कण सुटतो, सोन्याला चीर जाते. एकदा-दोनदा काही होत नाही. पण रील चांगली येईना म्हणून वीस वेळा पानं सरकवली, तर त्या पुस्तकाचं आयुष्य तेवढं कमी झालं समजा. म्हणूनच मोठी ग्रंथालयं एकदाच नीट फोटो काढतात आणि मूळ पुस्तकाला हात कमी लावतात. बॉस्टन पब्लिक लायब्ररीकडे अल्बर्ट विगिन या बँकरने दिलेली अडीचशेहून जास्त फोर-एज पुस्तकं आहेत आणि त्यांचे फोटो त्यांनी ऑनलाइन मोकळे ठेवलेत. तासभर सहज जातो तिथे.

काढणारे हात मात्र फारच कमी उरलेत. इंग्लंडमधल्या वर्दिंगचे मार्टिन फ्रॉस्ट १९७० पासून हे काम करत आले आहेत. त्यांच्या चित्रांची संख्या तीन हजारांच्या पुढे गेली आहे. ब्रिटनमधली हेरिटेज क्राफ्ट्स ही संस्था नाहीशा होत चाललेल्या हस्तकलांची यादी ठेवते, त्यात फोर-एज पेंटिंगचं नाव आहे. कारण साधं आहे. शिकायला वर्षं लागतात आणि पोट भरेल एवढं काम कुणाकडे नसतं.

गंमत म्हणजे रंगीत कडांची फॅशन सध्या जोरात आहे. इन्स्टावर फँटसी कादंबऱ्यांच्या खास आवृत्त्या बघा, कडेवर ड्रॅगन नाहीतर फुलं. 'स्प्रेड एजेस' म्हणतात त्यांना. ते चित्र यंत्राने मिटलेल्या कडेवर येतं आणि कपाटात दिसावं म्हणूनच असतं. हे लपणाऱ्या चित्रांचं भावंड नव्हे; त्याचं नातं बेल्लुनोच्या त्या पिल्लोने कुटुंबाच्या कपाटाशी. त्याला फोर-एज पेंटिंग म्हणून विकत असतील तर दोन्हींतला फरक तुम्हाला आता माहीत आहे.

तर पुढच्या वेळी जुन्या बाजारात किंवा कुणाच्या घरी सोनेरी कडेचं कातडी बांधणीचं इंग्रजी पुस्तक हाती आलं, तर लगेच वाकवू नका. आधी हात धुऊन कोरडे करा. पुस्तक मधोमध उघडा आणि एकेका पानाचा अगदी टोकाचा समास उजेडात धरून पाहा. चित्र असेल तर तिथे केसाएवढी रंगीत रेघ दिसेल, कधी निळी, कधी हिरवी, पानागणिक बदलत जाणारी. रेघ दिसली तरच पुढे जा. वरचा पुठ्ठा बाजूला उघडा ठेवून सगळी पानं एकत्र चिमटीत धरा आणि हळूच, जोर न लावता, एका बाजूला कलवा. मग दुसऱ्या बाजूलाही कलवून बघा, कारण चित्र दुहेरी असू शकतं. पुस्तक कुरकुरलं किंवा कणा ताणला जातोय असं वाटलं तर तिथेच थांबा. आणि फोटो काढणार असाल तर मोबाइल आधीच तयार ठेवा, म्हणजे दुसऱ्यांदा वाकवावं लागणार नाही.